प्रत्येकाकडे नंबर असतोच

— नाही, कॉम्प्युटरातली नोंद शोधायच्या वेगाचंच म्हणाल तर ट्रीपेक्षा हॅश, त्यात वादच नाही. बसा ना मॅडम, ती नको, ती खुर्ची डुगडुगते. माझी जागा घ्यायला आलाच आहात, तर चार्ज सोपवल्याच्या सहीआधी नीट ऐकून घ्या. हॅश म्हणजे काय — पेशंटचा नंबर दिला की सूत्र कप्पा सांगतं, हात थेट त्या कप्प्यात. ट्रीमध्ये उतरत जावं लागतं — यापेक्षा मोठा की लहान, डावीकडे की उजवीकडे — तीन-चार पायऱ्या. पण तळाशी सगळे क्रमाने बसलेले, शेजारी शेजारी. हॅशला शेजार नसतो. सोमवार ते शुक्रवार कोण कोण आलं विचारा — एकेक कप्पा उपसत बसेल.

हसताय? पुस्तकातलंच आहे हो, मलाही पाठ होतं. तरी दाखल झाल्याच्या वेळेवरचा ट्री मीच काढून टाकला. का? नोंद चढायला वेळ लागतो, खिडकीवर रांग वाढते, अशी ओरड होती. म्हटलं, हॉस्पिटलात वेळेवरून कोण कोणाला शोधतंय — प्रत्येकाकडे नंबर असतोच. रांग निम्मी झाली, साहेबांनी पाठ थोपटली. आणि एखादा शोध लांबलाच तर? तर आठ सेकंदांनी थांबवायचा आणि पडद्यावर ‘नोंद आढळली नाही’. खरं तर ‘शोधून झालं नाही’ असं लिहायला हवं होतं — पण ते बरं दिसेना.

आमचा दादा, म्हणजे मोठा भाऊ, अलीकडे विसरायचा. स्वतःचं नावसुद्धा. एका सोमवारी सकाळी सपाता घालून बाहेर पडला, परत आलाच नाही. बुधवारी वहिनी इथे आली — रडत नव्हती, त्याचा चष्मा हातात धरून नुसती उभी. तिला घेऊन मी खाली चौकशीच्या खिडकीवर गेलो. नंबर? नंबर कुठला असणार. मग वेळेवरून शोधलं, सोमवार सकाळपासून — आठ सेकंद — नोंद आढळली नाही. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, मशीनचं सोडा, वॉर्डांतून एक चक्कर मारून येते, दहा मिनिटांचं काम. आणि मी — मी म्हणालो, “कशाला पाय दुखवता? मशीन नाही म्हणतंय म्हणजे नाही. मीच बनवलंय.” मग वहिनीला घेऊन दुसऱ्या हॉस्पिटलात गेलो. तिथून तिसऱ्या.

याच इमारतीत होता. तळमजला, सात नंबरचा वॉर्ड, कडेची कॉट. शुक्रवारी गेला. मला सापडला तो महिनाअखेरच्या बेवारस मृतांच्या यादीत — अनोळखी पुरुष, अंदाजे साठ, स्वेटरचं तिसरं बटण वेगळं. ते बटण मीच लावून दिलं होतं. तोवर इथल्याच माणसांनी पुढचं सगळं उरकलं होतं. वहिनीला वाटतं, बुधवारनंतर कोणी तरी त्याला इथे आणून टाकलं असेल. मी तसंच वाटू दिलंय. तुम्हाला का सांगतोय, कोण जाणे.

ट्री? लावला ना परत, त्याच दिवशी. रोज आल्या आल्या एकदा चालवतो — तो सोमवार ते तो शुक्रवार. पापणी लवायच्या आत येतं सगळं. तिसरी ओळ दादाची. वर एक बाळंतीण, खाली कोणी घोटा मुरगळलेला. बरा शेजार मिळाला.

नको, तुम्ही नका बघू. आणा तो कागद — ही घ्या सही. काय लिहायचं ते लिहा वर. जा आता. आणि जाताना दार ओढून घ्या, मशीनला गारवा लागतो.