मानेसरांचा उमराव आणि उज्ज्वलाचं स्थळ

जमलेल्या थोरामोठ्यांनो, सरांच्या विद्यार्थ्यांनो, आणि पहिल्या रांगेत बसलेले सरांचे थोरले बंधू बापूकाका,

मला नीट बोलता येईल का, माहीत नाही. माझ्या आधी पाच जण बोलले. पाचही जण म्हणाले, मानेसर देवमाणूस होते. मी त्या खुर्चीत बसून ऐकत होतो आणि माझे कान तापत होते.

परवाच सरांचं तेरावं झालं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण वर्गात सरच विचारायचे, "मेलेल्यांबद्दल खरं बोलायचं नसेल, तर इतिहास कशाला शिकता?" मी खरं बोलणार आहे. ज्यांना ऐकवणार नाही, त्यांनी बाहेर चहा ठेवलाय, तो घ्यावा.

मी विक्रम. आटपाडीकडचा. माझा बाप अजून मेंढरं घेऊन फिरतो. सरांच्या हाताखाली दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलो आणि मधेच कॉलेज सोडलं. का सोडलं, ते आजवर कुणाला सांगितलं नाही.

सरांनी वीस वर्षं एकाच पुस्तकावर घालवली. ट्यूडर राजांच्या काळातला एक इंग्रज उमराव, त्याचं आयुष्य आणि त्याचं कुटुंब. स्टाफरूममध्ये लोक टर उडवायचे. "मानेसर, कोरेगावात बसून इंग्लंडचा उमराव कशाला? आपल्याकडं सरदार कमी हायत व्हय?" सर शांतपणे म्हणायचे, "घराणं म्हणजे घराणं. तिथलं काय नि इथलं काय."

सरांचा हात कापायचा. म्हणून ते सांगायचे आणि मी लिहायचो. दोन वर्षं, रोज दुपारी, त्यांच्या घरी. त्यांची मुलगी उज्ज्वला पलीकडं बसून सनावळ्या तपासायची. ही काय, समोर बसलीय. मला नावानं हाक मारायची नाही. "ए आटपाडी, आधी राजा मेला का राणी? आमच्या अण्णांचं पुस्तक बुडवतोस काय?" अण्णा म्हणजे सर. तिच्या त्या 'आटपाडी'नं माझं वाटोळं केलं. मी मुद्दाम सन चुकवायला लागलो.

आणि तो उमराव! चार राज्यकर्ते पाहिले त्यानं. राजाचा धर्म बदलला, की याचाही बदलायचा. थोरल्या पोराला राजद्रोहात धरलं, मुंडकं उडवायची शिक्षा झाली. हा बाप दरबारात हजर होता. तोंड उघडलं नाही. आठवड्यानं त्याच राजाबरोबर शिकारीला गेला. मग धाकटी मुलगी, मार्जरी. वय चौदा. शेजारच्या जहागीरदाराला द्यायची ठरली. तो पन्नाशीचा बिजवर. का? तर दोघांच्या जमिनीचा बांध एक होता. ती नको म्हणाली. तीन दिवस खोलीत कोंडली. चौथ्या दिवशी तिनं करारावर सही केली.

हे सांगताना सर रडले. मी पाहिलंय. चष्मा काढून म्हणाले, "लिही विक्रम. या माणसानं पोर विकली. असंच लिही, मऊ करू नको."

मी लिहिलं. मऊ केलं नाही.

त्याच आठवड्यात सरांनी मला दुसरा कागद पुढं केला. उज्ज्वलाचं परिचयपत्र. स्थळ आलं होतं. नदीकाठचं घर, बारमाही ऊस, आणि त्यांचा बांध बापूकाकांच्या बांधाला लागून. आता परिचयपत्र कुणीही छापून घेतं. पण मान्यांच्या घरात रीत आहे. मुलीचा कागद छापायचा नाही, घरच्या माणसाच्या हातानं लिहून धाडायचा. सरांचा हात कापत होता. म्हणाले, "तुझं अक्षर मोत्यासारखं आहे. तू घरचाच." कळलं का मंडळी? दोन वर्षं मी त्या घरात बाहेरच्यांसाठी ठेवलेल्या पेल्यातनं पाणी प्यायलो. त्या एका कागदापुरता घरचा झालो.

उंची, रंग, शिक्षण, कुळी. सगळं लिहिलं. शेवटी म्हणालो, "सर, उज्ज्वलाला विचारलंय?"

सर हसले. राग नाही, काही नाही. म्हणाले, "विक्रम, त्या उमरावाकडं एक कारकून होता. मार्जरीचा करार त्यानंच लिहिला. पोरीवर जीव होता त्याचा. उमरावाला कळलं. त्यानं कारकुनाचा उजवा हात मनगटापासून तोडवला. पोरगा हुशार होता रे, पण पायरी ओळखली नाही."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेलो नाही. नंतर कधीच गेलो नाही.

पण त्या उमरावावरची सरांची पुस्तकं माझ्याकडं राहिली होती. सहा महिने मी तो कारकून शोधला. पानपान चाळलं. असा कारकूनच नव्हता, मंडळी! हात तोडल्याची नोंदच नाही. जो माणूस आयुष्यभर "पुरावा दाखव" म्हणून आम्हाला बाकावर उभं करायचा, त्यानं पुराव्याशिवाय एकच गोष्ट सांगितली. ती माझ्यासाठी रचली.

आता तुम्ही म्हणाल, हे इथं कशाला? सांगतो. बापूकाकांना विचारा. त्याच नदीकाठच्या स्थळाचं तेराव्याच्या पंगतीतच ठरलं. वर्षाच्या आत पोरीचं लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं. वाढणाऱ्या पोरांनी ऐकलंय. बापूकाका म्हणाले, "तीन वर्षं कोण थांबतंय रं? स्थळ जाईल हातचं. वैशाखात उडवून टाकू." सरांच्या फोटोला घातलेला हार सुकला नव्हता!

ओरडू नका, काका. मला माहीत आहे ही शोकसभा आहे. "गप बस, मेंढक्या," असं तुम्ही आत्ता म्हणालात, ते माइकवर आलंय.

मी सगळ्यांच्या देखत सांगतो. हे लग्न मी होऊ देणार नाही. माझा उज्ज्वलावर जीव आहे. तिला मी...

काय? उज्ज्वला, काय म्हणालीस?

उभी राहा. नाही, माइक इथनं निघत नाही. तू बोल, मी सांगतो. मागच्यांना ऐकू गेलं नसेल.

उज्ज्वला म्हणते, "तो कागद कुणी लिहिला?"

मी. मी लिहिला.

उज्ज्वला म्हणते, "मी आतल्या दारात उभी होते. वाट बघत होते, की हा पेन खाली ठेवील. यानं ठेवला नाही. माझ्या रंगापुढं 'गव्हाळ' लिहिलं होतं, ते खोडून 'गोरा' केलं. वर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली."

...व्हय. मारली.

उज्ज्वला म्हणते, "अण्णांनी मला विचारलं नाही. बापूकाकांनी विचारलं नाही. आणि हा गडी दोनशे माणसांसमोर माझ्यावर जीव असल्याचं सांगतोय, यानं तरी मला कधी विचारलं?"

नाही. नाही विचारलं. मी सन चुकवत बसलो.

हसू नका मागं. हसण्यासारखं काही नाही. मी इथं येताना ठरवलं होतं, की सरांची लाज काढायची. सरांनी एकदा पोर बाजारात मांडली, काकांनी परवा मांडली, आणि आज त्यांच्याच फोटोखाली उभं राहून मीही तेच केलं. फक्त माझा आवाज मोठा होता.

उज्ज्वला, आता विचारतो. माझ्यासाठी नाही. तुला काय पाहिजे?

...

मंडळी, उज्ज्वला म्हणते, "मला माझ्या बापासाठी रडायचंय. कसा का असेना, माझा बाप होता. तेरा दिवस घरात नुसती बोलणी चाललीत. मला कुणी धड रडू दिलेलं नाही."

अजून काही म्हणतेय. थांबा.

म्हणते, "वर्षाच्या आत नाही, तर तीन वर्षं थांबायचं, ही रीतच आहे ना बापूकाका? मग मी रीत पाळते. तीन वर्षं थांबते. नदीकाठच्यांना तसं कळवा. तेही हातानं लिहून कळवा."

आणि माझ्याकडं बघून म्हणते, "तूही त्यात आलास."

ऐकलं मी. तीन वर्षं माझ्याशीही बोलणं नाही. त्यापुढचं तिनं काही सांगितलं नाही, आणि विचारायचा हक्क मी आत्ता इथं घालवलाय.

सर, तुमच्यावर मी जे बोललो त्यातला एक शब्दही मागं घेत नाही. तुम्हाला नमस्कार करतो, तोही खोटा नाही.

आता सगळ्यांनी उभं राहायचं. दोन मिनिटांचं घड्याळ लावू नका. तिचं रडून झाल्यावर ती खाली बसेल, तेव्हाच आपण बसायचं. तोवर कुणी बोलायचं नाही. काका, तुम्हीसुद्धा. मी माइक बंद करतो.