काचेची बाटली

नांदेडच्या एका दवाखान्याखालच्या मेडिकलात अयोध्याबाई रांगेत उभ्या होत्या. मुदखेडची गाडी गाठायची होती, आणि पुढचं रेणापूरकडचं म्हातारं जोडपं काही हलत नव्हतं.

"गोळ्या नको, पातळ औषध द्या," म्हातारा म्हणाला. "गोळी गळ्यात अडकून राहिली."

"सुपारी बरी कडाकडा फोडतेत," म्हातारी म्हणाली.

"तू गप बस. डॉक्टरसायबानं दोन्ही चालतं म्हणलंय."

"चालतं की, काका," दुकानदार म्हणाला. "पण गोळ्या न्यायला सोप्या. दर महिन्याला बाटली कोण आणून देणार?"

"पोरगा हाय की इथं, सत्यम. कंपनीत हाय."

"त्योच पाठवतो गोळ्या," म्हातारी म्हणाली. "त्याला यायला सवड न्हाई, एसटीच्या ड्रायव्हरजवळ पुडकं देतो. हे स्टँडावर जाऊन घेतेत."

"ड्रायव्हर लई भला माणूस हाय. पण बाटली घेत न्हाई. फुटती म्हणतो. ज्याची त्यानं घेऊन जावी म्हणतो."

म्हातारी नवऱ्याकडं बघत राहिली. मग दुकानदाराला म्हणाली, "पातळच द्या, बाबा. लई अडकती गोळी. रातच्याला ठसका लागतो."

दुकानदारानं बाटली काढली आणि काउंटरवर आपटूनच दाखवली.

"घ्या, काका. प्लास्टिकची हाय. फुटायची भीतीच न्हाई."

म्हाताऱ्यानं बाटली दाबून बघितली आणि हळूच परत सरकवली.

"काचेची न्हाई का?"

"काचेची आता कोण ठेवतंय? मागं शोधावी लागंल. रांग बघा केवढी हाय."

"शोधा की, दादा," मागून अयोध्याबाई म्हणाल्या. "आम्हाला कुठं घाई हाय?"