तपासून झालेली पानं

मास्तर : लिहून ठेव, कार्लितो. माणसानं मनापासून लिहिलेलं एकही अक्षर या विश्वात वाया जात नाही. ज्याचा नाश होत नाही तेच अक्षर! राज्यं बुडतात, अक्षर तरतं.

कार्लितो : हां बाबा. तरतंय. तेलात तरतंय.

मास्तर : कसल्या तेलात?

कार्लितो : भज्यांच्या. हा बघा कागद. आता खाली गोजराबायच्या गाडीवर गेलतो. तिनं चार बटाटाभजी बांधून दिली. उलगडून बघतो तं माजाच अक्षर. मंगलवारचा पान.

मास्तर : आण इकडे. चष्मा दे. "आमच्या हापिसात मशीन थंड खोलीत बसते आणि माणसे बाहेर घाम गाळतात. माणसाला चक्कर आली तर त्याला घरी धाडतात. मशीनला चक्कर आली तर साहेब अनवाणी धावत येतात." हे तर मी तपासलेलं पान! आठ गुण दिले होते.

कार्लितो : आठ हायत अजून. तेलात जास्तच लाल दिसतात.

मास्तर : पण हे गोजराबाईकडे गेलं कसं?

कार्लितो : तोच इचारतो मी. पलंगाखाली गठ्ठा होता माजा. आता तिथं फकस्त चपला हायत.

मास्तर : असं का बघतोस माझ्याकडे?

कार्लितो : नाय. बघत नाय. घरात तुमी, मी आनि मीना. मीना सकालपासून दवाखान्यात ड्यूटीला. मी हापिसात. मोजतोय फक्त.

मास्तर : दिली मी रद्दीत! त्यात काय? अडतीस वर्षं मी हेच करत आलो. वह्या तपासायच्या, उत्तरपत्रिका तपासायच्या, गुण द्यायचे, निकाल लागला की गठ्ठा बांधून रद्दीत. तपासून झालेला कागद मी दुसऱ्यांदा हातात धरत नाही. शिस्त आहे ती.

कार्लितो : बाबा, मी सातवीत नाय. ती माजी डायरी होती.

मास्तर : डायरी! हापिसातल्या मशीननं छापून टाकलेल्या रुंद कागदांच्या पाठीमागे लिहितोस, आणि म्हणे डायरी! पुढून पाहावं तर नुसती शून्यं. सत्त्याऐंशी सालची शून्यं, शहाऐंशी सालची शून्यं. एवढा मोठा कारखाना, ठाणे-बेलापूर रस्त्यावर एवढं धुराडं, आणि आतून निघतं काय? शून्य.

कार्लितो : शून्य आली म्हनजे हिशोब बरोबर. चूक नाय कुठं. मशीनमदे तेच चांगला.

मास्तर : आमच्यात शून्य मिळालं तर पालकांना बोलावतात. आणि 'चांगला' नाही, 'चांगलं'. फिलिपिन्ससारख्या दूर देशातून आलास, माझ्या मुलीशी बहारीनला लग्न केलंस, वाशीत बिऱ्हाड थाटलंस, सगळं मी पोटात घातलं. पण मराठी शिकायला तुला तुर्भ्याचा भगवानच भेटावा?

कार्लितो : भगवान माज्या बाजूच्या टेबलावर हाय. तो बोलतं ते सगल्या कारखान्याला समजतं. तुमी बोलता ते…

मास्तर : बोल, बोल. थांबलास का?

कार्लितो : ते फार चांगलं असतं.

मास्तर : म्हणूनच सांगितलं होतं, रोज एक पान लिही. दिवसभरात जे मनात येईल ते. मी शुद्ध करून देतो. आणि सुधारलास, नाही म्हणत नाही. आता चार पानं भज्यांखाली गेली म्हणून आकाश कोसळत नाही. नवी लिही.

कार्लितो : बाबा, गुरुवारचा पान बी गेला.

मास्तर : जाऊ दे.

कार्लितो : सेक्रेटरीवरचा.

मास्तर : …कुणावरचा?

कार्लितो : बाजीराव शितोळे. आपल्या सोसायटीचे. गोजराबाय बोल्ली, तासाभरापूर्वी त्यांनी सहा कांदाभजी नेली. कागद मोठा दिला, बोल्ली, सेक्रेटरी हायत म्हनून.

मास्तर : आणि मीटिंग?

कार्लितो : साडेसहाला. गच्चीवर. नोटिशीत तिसरा नंबर माजाच हाय. "गच्चीवरील बेकायदेशीर तार काढून टाकणे."

मास्तर : किती वाजले?

कार्लितो : सहा.

मास्तर : तरी मी म्हणत होतो, त्या तारेचं खूळ सोड! या टाकीपासून त्या जिन्यापर्यंत सत्तर फूट तांब्याची तार! कशासाठी? तर रेडिओ ऐकायचा. अरे, रेडिओ सगळेच ऐकतात. त्यासाठी कुणी गच्चीला जानवं घालत नाही.

कार्लितो : साध्या एरियलवर इलोइलो, माज्या गावाकडचा टेशन, लागत नाय बाबा. लय लांब हाय. मी सेट सोता बनवला, तार सोता वोढली, तवा कुठं लागला.

मास्तर : आणि लागून ऐकायला काय येतं? मी बसलो होतो की एकदा तुझ्या शेजारी. खरखर, खरखर, मग एक बाई वाणसामानाची यादी वाचल्यासारखी बोलते, पुन्हा खरखर. काय म्हणत होती ती एवढं?

कार्लितो : निरोप वाचते ती. गावातली मानसं टेशनात जाऊन सांगतात, ती वाचते. ज्यांची पोरं बाहेर हायत त्यांच्यासाठी. माज्या आईला लिवता येत नाय. मग ती जाते. महिन्यातनं पयल्या रविवारी, आपल्या घड्यालात साडेपाचला.

मास्तर : आणि आई काय सांगते?

कार्लितो : "कार्लितो, बकरी व्याली. कार्लितो, छपराचा पत्रा बदलला. कार्लितो, जेवत जा." संपला. दोन मिनिटं. महिन्याभरात माजी भाषा मी तेवढीच ऐकतो.

मास्तर : पानात तू एवढंच लिहिलं होतंस, की आई रेडिओत नाव घेते. मला वाटलं, बाकी बातम्या असतील.

कार्लितो : गेल्या महिन्यात तिनं माजा नाव घेतला, "कार्लितो" बोल्ली, आनि खाड! तार तुटली. वर धावत गेलो तं बाजीरावांनी तारेवर वली गोधडी वालत टाकलेली. तारेनं गोधडी बी फाटली. ते मना वरडले, मी त्यांना वरडलो. ते मराठीत, मी तीन भाषांत. आई पुढं काय बोल्ली ते अजून म्हायती नाय.

मास्तर : आणि उद्या…

कार्लितो : उद्या पयला रविवार. तार मी जोडली परत. पन आज मीटिंगमदे काढायची ठरली तं संपला.

मास्तर : हं. म्हणून रागाच्या भरात लिहिलंस ते पान. चूक तुझी आहे, कार्लितो! लेखणी हातात धरताना माणसानं संयम ठेवावा. शेजाऱ्यापाजाऱ्यावर असं वाह्यात लिहितात? मला तर वाचतानाच शहारे आले होते.

कार्लितो : बाबा, मी काय लिवलेला आठवतं का?

मास्तर : का नाही आठवणार? "सेक्रेटरी म्हणजे कोरडा नळ. पाणी टिपूस नाही, घरघर मात्र अहोरात्र."

कार्लितो : नाय. मी लिवलेला, "सेक्रेटरी फार बोलतात." तेवढाच. तुमी खोडला. बाजूला लाल शाईनं लिवला, "वाक्य दुबळे. उपमा वापरा." मी बोल्लो, उपमा येत नाय. मग तुमीच लिवून दिली.

मास्तर : …ते शिकवण्यासाठी.

कार्लितो : मी लिवलेला, "ते मीटिंगमदे झोपतात." तुमी केला, "ते सभेत घोरतात आणि ठराव घोरण्याच्या तालावर मंजूर होतात."

मास्तर : त्यात ताल आहे वाक्याला. तू ऐक ना, "घोरतात आणि ठराव घोरण्याच्या…"

कार्लितो : मी लिवलेला, "गोधडी जुनी हाय."

मास्तर : ते सांगू नकोस.

कार्लितो : तुमी लिवला, "ती गोधडी पाहून वाटते, सात घरच्या पायपुसण्यांनी एकत्र येऊन सोसायटी काढली आहे."

मास्तर : कार्लितो, दुबळं वाक्य समोर दिसलं की माझा हात थांबत नाही. माझा नाइलाज आहे. एकदा हेडमास्तरांच्या निरोपसमारंभाचं भाषण तपासायला दिलं होतं मला. त्यांचं स्वतःचंच. पुढे दोन वर्षं बोलत नव्हते.

कार्लितो : आनि सुधारलेला पान तुमी पाच येला लिवायला लावता.

मास्तर : म्हणजे?

कार्लितो : म्हनजे तसली अजून पाच पानं हायत गोजराबायकडं. होती. तीन गेली. एक खजिनदारांकडं, डालवड्यांत. एक तल मजल्यावरच्या मधुकररावांकडं. एक त्यांचीच बायको परत येऊन घेऊन गेली.

मास्तर : परत भजी घ्यायला आली?

कार्लितो : भजी नको बोल्ली. नुसता कागद.

मास्तर : संपलं. खजिनदार, मधुकरराव आणि सेक्रेटरी. अरे, अडतीस वर्षांत माझी एक ओळ कुणी छापली नाही, आणि आज संध्याकाळी सगळी इमारत मला चघळतेय.

कार्लितो : नाव माजा हाय पानावर.

मास्तर : हो. नाव तुझं आहे. …हे बघ, बाजीरावाला माझं अक्षर माहीत असण्याचं काही कारण नाही. लाल शाई कुणाचीही असू शकते. तू जा वर, हात जोड, म्हण, परदेशी माणूस, भाषा कच्ची, चुकून लिहिलं गेलं.

कार्लितो : कच्ची भाषा असलेला मानूस "अहोरात्र" लिवतो?

मास्तर : हं. तेही खरं.

कार्लितो : मी तार काढून टाकतो, बाबा. मीटिंगच्या आधीच. मग कोनाला बोलायला लागनार नाय. तुमाला बी नाय.

मास्तर : आणि तुझी आई?

कार्लितो : ती निरोप देईल. मी नाय ऐकला तरी ती देईलच. तिला कुठं कलतं, इकडं तार हाय का नाय.

मास्तर : …थांब. बस तिथं. ते तुझं "फार बोलतात" वाक्य, कार्लितो. तेच ठेवायला हवं होतं.

कार्लितो : दारावर कोन तरी हाय.

(दार उघडतं. बाजीराव शितोळे आत येतात. हातात तेलानं पारदर्शक झालेला रुंद कागद.)

बाजीराव : हाय का घरात कोन? राम राम मास्तर. राम राम कारलेकर.

मास्तर : या, या, बाजीराव. अहो, कार्लितो आहे तो. कारलेकर नव्हे.

बाजीराव : दूधवाल्याच्या कार्डावर कारलेकर हाय, मेंटेनन्सच्या पावतीवर कारलेकर हाय. आता आमच्या मंडळी त्यास्नी कऱ्हाडकडचंच समजत्यात. बसा मास्तर, बसा, खुर्चीतनं उठू नका. हे पान तुमचंच न्हवं?

मास्तर : पान? कुठलं पान? अक्षर तर जावयाचं दिसतंय.

बाजीराव : काळं अक्षर जावयाचं. लाल तुमचं. नोटीस बोर्डावरच्या माज्या प्रत्येक नोटिशीवर हीच लाल शाई असती की. गेल्या म्हैन्यात 'पाणीपुरवठा'ची वेलांटी दुरुस्त केलीत. पाणी तरीबी आलं न्हाई.

मास्तर : बाजीराव, मी सगळा दोष…

बाजीराव : थांबा. आदी माजं ऐका. सहा भजी खाल्ली, मग वाचाया घेतलं. मंडळीला मोठ्यानं वाचून दावलं. कोरडा नळ म्हनल्यावर ती आशी हासली, आशी हासली, पदराला डोळं पुसाय लागली. म्हनली, वीस वरसं मी हेच सांगती, पन मला आसं सांगता येत न्हवतं. आनि ह्याला तुमी सातच मार्क दिल्यात?

मास्तर : शेवट थोडा घसरला होता.

बाजीराव : घसरलाच. गोधडीचं वाचलं आन् ती हासायची थांबली. म्याबी.

कार्लितो : बाजीरावशेट, ते मी…

बाजीराव : सात घरची पायपुसणी. मास्तर, सात तुमास्नी कुठनं कळलं?

मास्तर : सहज. उपमेत आकडा असला की जोर येतो.

बाजीराव : सातच हायत ती. लुगडी. माज्या आईची. ती गेली तवा सात लुगडी मागं ऱ्हायली, तिची भन बयाबाईनं त्याची गोधडी शिवून दिली. दुसरी खूण न्हाई तिची माज्याकडं. फाटली म्हनून तार काडायचा ठराव घातला म्या. बाकी तुमच्या तारेशी माजं काय वाकडं?

कार्लितो : मना म्हायती नव्हता.

बाजीराव : मलाबी कुठं म्हायती हुतं? पानाच्या खाली तुमी लिवलंय न्हवं, आई रेडिओत नाव घेती म्हनून. तेवढ्या तीन वळीत लाल शाई न्हाई. मास्तरांनी तिथं हातच लावला न्हाई.

मास्तर : तिथं काही सुधारण्यासारखं नव्हतं.

बाजीराव : व्हय. म्हनून म्या इचार केला, एकाच तारेवर दोन आया कशाला टांगायच्या? गोधडीला म्या टाकीपल्याड सुंभाची दोरी बांधतो. तार ऱ्हाऊ द्या. तिसरा नंबर म्या मागं घेतला. खजिनदारालाबी सांगितलं. त्यो म्हनला, त्याच्यावरचं पान आसंल तर मात्र दावा.

कार्लितो : त्यांच्यावरचा नाय लिवला अजून.

बाजीराव : लिवा की! त्यो वाट बगतुय.

मास्तर : बाजीराव, मी आज हरलो, आणि आनंदानं हरलो. ऐक, कार्लितो. शब्द हे दुधारी शस्त्र आहे. त्यानं माणसं दुरावतात आणि त्यानंच जवळ येतात. गोजराबाईच्या गाडीवर का होईना, आज एका भाषेनं दोन माउल्यांना…

बाजीराव : मास्तर.

मास्तर : बोला, बाजीराव. मोकळेपणानं बोला.

बाजीराव : जरा उठता का? वर मीटिंगला एक खुर्ची कमी पडतीया.