दत्ताभाऊंचा शुक्रवार

मंडळी, आधी ताजी बातमी सांगतो. वळ गावातल्या गोदामाच्या बांधकामाचं वेळापत्रक दत्ता म्हात्रे यांनी बिघडवलं नव्हतं. त्यांची मूळ फाइल बरोबर होती. बिघाड झाला तो हेड ऑफिसात, ती फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना. गोदाममालकाच्या सल्लागार इंजिनिअरनी दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडून तपासल्या, आज सकाळी मला फोन केला आणि दुपारी लेखी दिलं. दत्ताभाऊंना जाऊन आज पाचवा दिवस.

या शोकसभेला सगळे आले आहेत. वहिनी, दत्ताभाऊंच्या गावची, अंजूरची मंडळी, साइटवरचे मिस्त्री आणि हेड ऑफिसहून आलेले प्रधानसाहेब. साहेब, तुम्ही आणलेला हार फार मोठा आहे. फोटोत दत्ताभाऊंचा चेहरा जेमतेम दिसतो.

सात वर्षं मी त्यांच्या समोरच्या टेबलावर बसलो. ते वेळापत्रक बांधायचे, त्यावरून मी अहवाल लिहायचो. कोणतं काम कधी सुरू, कधी संपणार, कोणामागे कोणतं, सगळं त्यांच्या फाइलमध्ये. आणि त्या फाइलमध्ये सुट्टी शुक्रवारी. भिवंडीत राहणाऱ्याला याचं कारण सांगावं लागत नाही. शुक्रवारी लूम बंद, लाइट बंद, मजूर नमाजला. शनिवारी आणि रविवारी मात्र आपली माणसं सकाळी आठला साइटवर हजर.

मग गोदाममालकानं फाइल वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मागितली. दत्ताभाऊंनी हेड ऑफिसला सीडी पाठवली. सोबत हातानं चिठ्ठी लिहिली, की सुट्ट्यांचं कॅलेंडर आपोआप जाणार नाही, तिकडे नव्यानं भरा. चिठ्ठी कोणी वाचली? फाइल उघडताना पडद्यावर सूचना आली, की काही गोष्टी घेता आल्या नाहीत. ती कोणी वाचली? प्रधानसाहेबांच्या विभागानं बटण दाबलं आणि चहा मागवला.

नव्या सॉफ्टवेअरला शुक्रवार माहीत नव्हता. त्यानं आपलं परदेशी कॅलेंडर लावलं. शनिवार, रविवार सुट्टी. वळच्या सेंट्रिंगवाल्याला आठवड्यातून दोन दिवस आराम! इतका मान त्याला आयुष्यात कोणी दिला नव्हता. कागदावर काम दीड महिना लांबलं. आता कोणीही शहाणा माणूस विचारेल, का लांबलं? साहेबांनी विचारलं नाही. त्यांनी दिवस कापले. शेवटची तारीख जागेवर येईपर्यंत कापत गेले. स्लॅबखालचे टेकू चौदा दिवस ठेवायचे होते, त्याचे सात केले. काँक्रीटनं लवकर घट्ट व्हावं, अशी बहुधा त्याला ऑर्डर निघाली असेल.

दत्ताभाऊंनी माझ्यासमोर फोन लावला. आवाज चढवला नाही. म्हणाले, “साहेब, शुक्रवारी इथं लाइट न्हाय, मानूस न्हाय, आनि तुमच्या फाइलीत शुक्रवारी स्लॅब भरायचाय. टेकू सात दिवसांत काढले तर स्लॅब कोसळंल, आनि त्या दिवशी खाली मानूस असंल.”

तिकडून उत्तर आलं, “म्हात्रे, सिस्टीममध्ये तसंच आलंय.”

सिस्टीममध्ये आलंय. संपलं. दत्ताभाऊंनी फोन ठेवला आणि साइटवर जाऊन सांगितलं, टेकूला कोणी हात लावायचा नाही. चौदा दिवस कोणी लावला नाही. इथे मागे बसलेले सलीमभाई त्या स्लॅबखाली काम करत होते. आज ते इथे बसलेत, एवढं मला पुरे आहे.

काम नव्या तारखांच्या मागे पडलं. मग प्रधानसाहेब स्वतः वळला आले. सगळ्या मजुरांना उभं करून पत्र वाचलं, की म्हात्रे यांच्या निष्काळजीपणामुळे वेळापत्रक चुकलं. त्यांना नियोजनातून काढून स्टोअरमध्ये सिमेंटच्या गोण्या मोजायला बसवलं. दत्ताभाऊ गेले ते हृदयविकारानं, असं डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही. मी फक्त इतकं पाहिलं, की त्या दिवसापासून ते साइटच्या मुख्य गेटनं आत येत नसत. मागच्या बाजूनं यायचे.

साहेब, तुमचा मला राग येत नाही. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. ज्यानं चूक केली त्याला मी समजून घेईन. ज्याला चूक दाखवली आणि तरी ज्यानं ती दाखवणाऱ्याच्याच नावावर चढवली, त्याला काय म्हणावं याचा शब्द मला सापडला नाही. शोधायला वेळही घालवणार नाही.

मघाशी साहेब वहिनींना म्हणाले, की पत्र मागे घेतल्याचा कागद घरी पाठवतो. वहिनींनी मान वर केली नाही. म्हणाल्या, “माना कागद नको. ज्यांच्या म्होरं वाचलंव, त्यांच्या म्होरंच वाचा.”

साहेबांनी कबूल केलं आहे. सोमवारी सकाळी आठ वाजता, वळच्या साइटवर, सगळ्यांसमोर. मराठीत आणि हिंदीतही, कारण बदनामी दोन्हीत झाली होती. आज इथे असलेल्या प्रत्येकानं यावं. वहिनी येणार आहेत, मुख्य गेटनं.

आता दोन मिनिटं उभे राहू या. कोणी काही बोलू नका. प्रधानसाहेब, तुम्हीही. तुमची बोलायची पाळी सोमवारी आहे.