खालच्या कड्या

नाही, लोटूभाऊ, ही नको – ही तर झोपाळ्याची साखळी, हिच्यावर लेकरं झुलतील, होडी नाही राहायची. ती जाड काढा, त्या कोपऱ्यातली. किती हात? आता ते मी कसं सांगू – होडीची वरची साखळी शाबूत आहे हो, खालचीच गेली, गाळातली. तेवढीच बदलायची. हसू नका, बाईमाणूस साखळी घ्यायला आली म्हणून – अमळनेरकडचा माणूस या दुकानात आहे असं शेजारच्या सुभद्राबाईनं सांगितलं, म्हणून तर नवागामहून इथवर आले. गुजराती शेठसमोर मला हे बोलताच आलं नसतं.

योगराजचे बाबा का नाही आले? त्यांना पटलं असतं तर मी कशाला येते! त्यांचं म्हणणं, साखळी चांगली आहे. अन् वरून चांगलीच आहे – दर अमावास्येला रॉकेलनं धुतात, तेल पाजतात, नुसती चकचकीत. जन्म कापडाच्या लूमवर गेला ना – तेल दिलं की लूम जगतो, तीच खोड हाताला. प्लेगच्या साली सगळं नवागाम गावाकडे पळालं, आम्हीही पळालो, अन् परत आलो तर यांच्या लूमवर दुसराच उभा. मग ही होडी घेतली, मजूर हजिऱ्याच्या बाजूला पोचवतात. बांधायला काय, तर लूमचं मोडकं बिडाचं चाक गाळात पुरलं अन् त्याला साखळी. पण बांधली कशी – आपल्या गावच्या तापीत बांधतात तशी! तिथं तापी एका अंगाला वाहते, होडी गपगुमान एका दिशेला तोंड करून उभी. इथं समुद्र जवळ – भरती आली की तापी उलटी फिरते, ओहोटीला पुन्हा सुलटी, अन् होडी त्या चाकाभोवती घिरट्या घालते. वरची साखळी तेल पिते अन् खालची बिडावर घासते. परवा डबा घेऊन गेले तर पाणी पार उतरलेलं, गाळात शिरून हातानं चाचपली – कड्या माझ्या जोडव्याहून बारीक! सांगितलं त्यांना. म्हणतात, ‘तापी मनी माय शे, ती माले काय करी?’ माय आहे, नाही कुठं म्हणते मी – पण ही इथली माय रोज तोंड फिरवते, त्याला काय करायचं?

अन् समजावायचं तरी कसं – लूमच्या खडखडाटानं कान खाल्ले त्यांचे. ओरडावं तर सगळा काठ ऐकतो. लूमवाले हातवारे करून बोलतात, तसं मी तळहातावर बोट घासून दाखवलं, की बाबा, घासली, झिजली – तर त्यांनी तंबाखूची डबी काढून दिली! हसा, हसा, मीही हसले तेव्हा. पण आता अमावास्येचं उधाण येतंय, अन् कडी तुटली तर होडी ओहोटीबरोबर सरळ समुद्रात – अन् हे आत झोपलेले. काठावरून कुणी बोंब मारली तरी ऐकायचं कुणी?

हो – होडीतच झोपतात. राखण म्हणून. योगराजलाही तेच वाटतं, फळ्या चोरीला जातात म्हणून बाबा तिथं – तसं नाही हो ते. जाऊ द्या. तुम्ही तोला साखळी. – अहो, लग्न झालं ना योगराजचं! गायत्री आली, अन् खोली एक. मध्ये साडी बांधली, पण साडीच ती. कोवळी पोर, रात्रभर कूस बदलायची नाही, बांगडी वाजेल म्हणून. अन् आमच्या ह्यांना तर बांगडी ऐकूही येत नाही – पण ते तिला कोण सांगणार? एक दिवस यांनी सतरंजी काखेत मारली, म्हणाले, होडीला माणूस पाहिजे. मी सुभद्राबाईच्या ओट्यावर निजते. गरमी होते म्हणून सांगितलं पोराला.

काय? चाक उपसायला दोन माणसं लागतील? एक मी. दुसरा – योगराजला सांगा म्हणता. कसं सांगू, लोटूभाऊ? साखळी झिजली म्हटलं की तो म्हणेल, बाबांना घरी आण. अन् घरी का येत नाहीत हे कळलं तर वेगळी खोली बघेल, तिच्या भाड्यासाठी लूमवर डबल पाळी करील, अन् मग त्याचेही कान जातील. मग काय राहिलं? – तुम्हीच याल का ओहोटीला, घटकाभर? नाही… बरोबर आहे, दुकान सोडून कसं येणार. शेठ ओरडेल. मी आपलं विचारलं.

बायका नवरा घरी यावा म्हणून नवस बोलतात, भाऊ. अन् मी ही लोखंडाची साखळी नेतेय, ती त्यांनी तिथंच राहावं म्हणून. जिवंत राहावं, पण तिथंच. सांगा, असं कुठल्या देवाला सांगायचं?

नाही, रडत नाही मी. एकटीच बघीन, जमेल तसं. – पिशवीत नको हो, फाटेल. गुंडाळून डोक्यावर द्या. अन् मागच्या त्या भाऊंचं बघा आता, कधीचे उभे आहेत.