टोपीखालची विहीर

अध्यक्षस्थानी बसलेले फादर नेपोमुसेनो, आजचे सत्कारमूर्ती एवारिस्तोकाका, त्यांना हेर्मोसिल्यो शहरात न्यायला आलेली त्यांची कन्या ब्रिहिदा, आणि पोसो सेदिलो गावात अजून उरलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

आपण सगळे पहिल्या दोन बाकांवर मावलो. तरी मी मागच्या बाकांकडेही बघून बोलणार आहे. सवय जात नाही.

निळा भुंगेरा आपल्यापैकी कुणी पाहिला नाही? हात लावला की पाय ताठ करून उताणा पडतो. आपण त्याला फेकत नाही. सावलीत ठेवतो, वर टोपी झाकतो आणि वाट बघतो. चालू लागला की म्हणतो, "काय रे सोंगाड्या!" खरोखर मेला असेल, तर ते आधी मुंग्यांना कळतं. त्या सोंगाला फसत नाहीत.

विहीर आटली तेव्हा काकांनी हेच केलं. ऐन तारुण्यात त्यांनीच ती खणलेली. म्हणाले, "सोंग घेतलंय तिनं. सावली करा." आपण काटक्यांचा मांडव घातला, फादरांनी प्रार्थना केली. माझी बायको म्हणाली, "काका, टोपीपण घाला की तिला!" काकांनी खरंच आपली टोपी काठावर ठेवली. शेजारच्या गावानं नळासाठी अर्ज केला, तेव्हा आपण म्हटलं, आपली उठेल. मग एकेका घराला कुलूप लागत गेलं.

परवा काका मला म्हणाले, "रेफुहियो, मी जातो. पण रोज संध्याकाळी तू बादली सोडायचीस. शब्द दे, सगळ्यांसमोर दे."

"द्या हो शब्द," ब्रिहिदा म्हणाली, "नाहीतर हे हलायचे नाहीत."

"तू गप गं! विहीर माझी आहे."

"आणि मूत्रपिंडं कुणाची, बाबा? तीही सोंग घेताहेत का?"

काका, आज सकाळी प्रार्थनेची घंटा वाजवून मी मांडवाखाली गेलो. बादली सोडली. ती वाळूवर टेकली. वर ओढली, तर आत मुंग्या होत्या.

देव मेलेल्यालाही उठवतो, हे मी मानतो. पण तुम्हाला शब्द देणार नाही. दिला तर तुम्ही तिथं शहरात रोज संध्याकाळी माझ्या बादलीकडे कान लावून बसाल. इथं तुमची वाट बघणारं कुणी राहिलेलं नाही. निर्धास्त गाडीत बसा.

फादरांचे, आणि टँकरच्या पाण्यातून सर्वांना कॉफी पुरवणाऱ्या भगिनींचे आभार. मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला.

आणि काका, ही तुमची टोपी. काठावरून आणलीय. घाला, बाहेर ऊन आहे.