पुसलेल्या खुणा

"हॅलो?… कोण, मुंगी?… अगं, तुझा फोन एव्हाना सिस्टरने काढून घेतला असेल असंच मी धरून चालले होते. आत नाही नेलं अजून?… मग?… जरा मोठ्याने बोल. विहिरीतून बोलतेयस का?… बाथरूममधून? का?"

थोरलीने इस्त्री उभी करून ठेवली आणि फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून धरला. काउंटरपलीकडे एक वकीलसाहेब नुसत्या शर्टावर ताटकळत होते. त्यांच्या काळ्या कोटाचं अस्तर काखेत उसवलं होतं, कोट हिच्या हातात होता, आणि कोर्ट काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हतं.

"हो, हो… अगं ऐक ना. आधी रडणं आवर, मग सांग… काय पुसलं?… कसल्या खुणा?… कालच्या? डॉक्टरबाईंनी काढलेल्या?… सगळ्या?… मुंगे, सगळ्या?"

ती स्टुलावर बसलीच.

दुकान दोघी बहिणींचं. थोरली कपडे बेतायची, शिवायची, ढिले-घट्ट करून द्यायची. धाकटी, जिला घरीदारी सगळे मुंगीच म्हणत, मागच्या टेबलावर कपड्यांचे डाग काढायची. शाईचा, तेलाचा, गंजाचा, कसलाही डाग असो, तो मुंगीच्या हातून सुटला असं क्वचितच व्हायचं. आज ते टेबल रिकामं होतं, बाटल्यांची बुचं घट्ट लावलेली होती. मुंगी इस्पितळात होती. सकाळीच तिचं ऑपरेशन व्हायचं होतं, तेही आधी बिघडलेलं ऑपरेशन निस्तरण्यासाठी.

"तुम्हाला नाही, साहेब. तुम्ही बसा, झालंच… नाही गं, वकीलसाहेबांशी बोलतेय. तू सांग. पुसल्या कशा?… आंघोळ. बरं. आंघोळ तर करायचीच होती, सिस्टरने साबण दिला होता. पण ती काय म्हणाली होती?… बघ, तुलाही पाठ आहे. नुसतं वरून ओतायचं, चोळायचं नाही. मग?… नाही, नुसत्या पाण्याने ती शाई जात नाही. हे मी तुला सांगायला हवं का?… कशाने काढलंस?… भिंतीवरच्या बाटलीतलं? हाताला लावायचं जंतुनाशक?… आणि ते छातीवर चोळलंस? झोंबलं नाही?… झोंबलं ना. चांगलं झालं."

वकीलसाहेबांनी मान वळवून गल्लीकडे पाहिलं. ऐकू येत नाही असं दाखवणाऱ्या माणसाला सगळं ऐकू येत असतं, हे थोरलीला दुकानदारीने शिकवलं होतं.

"हो, ऐकतायत ते. मग काय करू, त्यांच्या कानात कापूस घालू?… थांब. मी पडद्याआड जाते."

कोट, सुई आणि फोन घेऊन ती ट्रायलरूममध्ये शिरली. ट्रायलरूम म्हणजे एक उभा आरसा, एक खुंटी आणि एक माणूस मावेल एवढी जागा. मुंगीचे कपडे थोरली इथेच अंगावर बसवून बघायची. मुंगी आरशाकडे पाठ करून, दोन्ही हात छातीशी घेऊन उभी राहायची, आणि थोरलीला पाठीवरूनच पुढचा अंदाज घ्यावा लागायचा.

वयात आल्यापासून मुंगीची छाती नीट भरलीच नव्हती. पाया अरुंद, खालचा भाग आखडलेला, आकार नळीसारखा पुढे आलेला, आणि डावं-उजवं एकमेकांशी न जुळणारं. काही जणींची घडणच जन्मतः तशी असते, त्यात कुणाचा दोष नाही आणि त्याला उपाय आहे, हे या नव्या डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा कुठे कळलं. त्याआधी उपाय म्हणजे थोरलीने शिवलेली पॅडं, एक जाड आणि एक पातळ. आणि मग ते पहिले डॉक्टर. त्यांनी आखडलेली जागा मोकळी न करताच आत इम्प्लांट बसवून दिले. त्यामुळे जुनी घडी होती तिथेच राहिली आणि तिच्या खाली नवा फुगवटा आला, म्हणजे एकाखाली एक दोन गोलाया. त्यातही डाव्या इम्प्लांटभोवती शरीराने हळूहळू कठीण कवच धरलं. तो भाग दगडासारखा झाला, वर ओढला गेला, आणि मुंगीला त्या कुशीवर झोपणं अशक्य झालं.

"हां, बोल. आता कोणी नाही… सवयीने? हात आपोआप गेला?… डाग दिसला की तुझा हात राहत नाही, हे मला माहीत आहे. पण मुंगे, मी तुझ्या शेजारी बसून काम करते. तू कुठलाही डाग काढायला घेतलास की आधी शिवणीच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघतेस. रंग जातो का, कापड खातं का. आज बघितलंस?… नाही ना. मग सवय कसली?… बरं, बरं. राहू दे. आता काय करतेयस?… कसली पेन्सिल?… भुवयांची?"

सुई तिच्या बोटात घुसली. तिने बोट तोंडात घातलं आणि तसंच बोलली.

"खाली ठेव. ती पेन्सिल आधी खाली ठेव… फोटोवरून? कसला फोटो?… काल तूच काढलास, बरं. म्हणजे रेघा कुठे होत्या ते दिसतंय त्यात… हं… थांब, मला पाठव तो. मी इथून सांगते, तू तिथे… नको. नको पाठवूस. मला काय कळतंय त्यातलं? मला कापड कळतं. कापड चुकलं तर दुसरं आणता येतं… अगं, त्यांना कळणार नाही हेच तर वाईट. त्या तुझ्या रेघेवर विश्वास ठेवून कापतील… हो, तुझ्या. त्या पेन्सिलीच्या."

काल संध्याकाळी त्या खुणा काढताना थोरली तिथेच होती. डॉक्टरबाईंनी मुंगीला भिंतीशी उभं केलं होतं. आडवं झालं की सगळं बाजूंना पसरतं, मग मापाला अर्थ उरत नाही, म्हणून उभ्यानेच आखायचं. मग त्या खुर्चीवर बसून, जीभ दातांत धरून, सावकाश आखत गेल्या. कवच कुठून काढायचं, आखडलेलं कुठे मोकळं करायचं, नवी घडी कुठे बसवायची. मुंगीने डोळे गच्च मिटले होते आणि थोरलीचा हात धरला होता. हात सोडा, दोन्ही खांदे सारखे पडू द्या, असं डॉक्टरबाईंनी सांगूनही मुंगीने हात पुरता सोडला नव्हता. शेवटी त्या म्हणाल्या होत्या, बरं, सकाळी पुन्हा एकदा बघून घेऊ.

"मग नाही सांगायचं म्हणजे काय करायचं?… आडवी होशील आणि त्या बघून घेतील. अस्सं. मागच्या खेपेला तेच केलंस ना? टेबलावर आधीच जाऊन झोपलीस, चादर हनुवटीपर्यंत ओढलीस, आणि ते गृहस्थ चालेल, चालेल म्हणाले. त्यांना घाई आणि तुला लाज. दोघांचं छान जमलं. आता निस्तरतंय कोण?… नाही, ओरडत नाहीये मी. माझा आवाजच असा आहे… आई? आईचं मी बघते. पित्ताशयाचं सांगितलंय… अपेंडिक्स मागच्या वेळी सांगून झाला होता, तो एका माणसाला एकदाच असतो. आणि आज पळून घरी गेलीस तर तिला काय सांगू? पित्ताशय परत बसवून दिलं म्हणून?… हसलीस? हसलीस ना आता?… नाक पूस."

बाहेर वकीलसाहेब खाकरले.

"झालंच, साहेब, शेवटचे टाके… तू बोल. पुढची तारीख घेऊ म्हणतेस. घेऊ की. मग पुढच्या तारखेलाही आंघोळ करावी लागेल… तसं नाही, तर कसं?… मुंगे, मला एक सांग. खरं सांग हं. चोळलंस का ते?… नाही, सवय नको सांगूस. ते ऐकलं मी."

सुई अस्तरात खोवून तिने फोन हातात धरला. टाका अर्धवट राहिला होता.

"हं… हं… बोल, आहे मी… आरशात. हं… काल डोळे मिटले होतेस म्हणून आज पहिल्यांदाच दिसलं… नकाशा?… कुठे कुठे बिघडलंय त्याचा. हो… बाणसुद्धा होते. हो गं, पाहिलेत मी… मग बघवेना. हं."

तिने कोट खुंटीला अडकवला. एवढी वर्षं या मुलीला तिने बाहीच्या आड, दुपट्ट्याच्या आड, फाइलच्या आड, गिऱ्हाइकाच्या कोटाच्या आड चालताना पाहिलं होतं. चार वाक्यं सरळ बोलायची झाली तरी ती मागच्या टेबलावरूनच बोलायची.

"मग आता बरं दिसतंय का?… म्हणजे, रेघा गेल्या ना. बाकीचं गेलं?… नाही. ते आहे तिथेच आहे. डावं दुखतंय का आत्ता?… दुखणारच, एवढं खसाखसा चोळल्यावर… अगं ऐक ना. डाग हरवू नये म्हणून तू कपड्यावर खडूने गोल करून ठेवतेस की नाही? त्यात त्या कपड्याची बदनामी असते का?… कपडा आरशात बघत नाही. बरं बाई. तुझं उत्तर तयारच असतं. हेच तोंड डॉक्टरांपुढे उघडलं असतंस ना, तर…"

ती थांबली, कान फोनला जास्तच लावला.

"कोण वाजवतंय दार?… सिस्टर. मग उघड… नाही, आतून ओरडून सांगायचं नाही. उघड आणि सांग… काय सांगायचं? पाच शब्द. 'खुणा मी पुसल्या, परत काढा.' म्हण बघू… पाण्याने गेल्या नको. साबणाने गेल्या नको. मी पुसल्या… हां… आणखी एकदा… त्या रागावतील. रागावू दे. राग काय, थोड्या वेळाने उतरतो. तुझ्या छातीवर चुकीची रेघ बसली तर ती उतरणार आहे का?… टॉवेल आहे ना अंगावर? मग झालं… मी कशी येऊ? ऑपरेशन होईपर्यंत आत सोडत नाहीत, काल सांगितलं त्यांनी. दुपारी येते, दुकान बंद करून… हो, आहे. फोनवर आहे. नाही ठेवत. उघड तू."

मग थोरली नुसती उभी राहिली. फोनमधून कडीचा आवाज आला, पावलं आली, खुर्ची सरकल्यासारखं झालं. बायकांचे आवाज लांबून येत होते, शब्द कळत नव्हते. पडद्याबाहेर वकीलसाहेबांनी काउंटरवर बोटं वाजवायला घेतली होती. थोरलीने पडद्यातून हात बाहेर काढून तो हवेत हलवला. बोटं थांबली.

"हॅलो… हां. सांगितलंस?… सिस्टरला नाही गं, डॉक्टरबाईंना… त्या पण आल्यात? मग?… कशा गेल्या म्हणालीस?… पेन्सिलीचंही सांगितलंस. बरं केलंस. काय म्हणाल्या?… काहीच नाही?… पेन शोधतायत. शोधू दे… रागावल्यात का?… थोड्या. चालतंय. ऑपरेशन उशिरा घेतील, एवढंच ना? घेऊ दे. तोपर्यंत साहेबांचा कोट तरी होईल माझा… काय?… भिंतीशी. हो, कालच्यासारखंच… टॉवेल काढ, मुंगे… मला ऐकू येतंय, तू अजून धरून ठेवलायस. श्वास बघ कसा घेतेयस. सोड… सोडलास?… हां."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मुंगीने ते तिला सांगितलं असावं, कारण थोरली जरा वेळ ऐकतच राहिली.

"डोळे उघडेच ठेव. बघायचं नसेल तर समोर खिडकी असेल, तिकडे बघ. पण मिटू नकोस… हो, कालच्याहून नीट काढतील त्या. काल तू होतीस कुठे नीट उभी? माझा हात धरून एका बाजूला कललेली होतीस. एक खांदा वर, एक खाली. त्या तरी काय माप घेणार… काय म्हणाल्या आता?… दोन्ही हात खाली. मोकळे. बरोबर आहे त्यांचं… मग सोड ना… कुठला वर आहे?… उजवा? तो का वर आहे?"

उत्तर ऐकायच्या आधीच तिला कळलं.

"अगं, मग त्या हातात मी आहे… नाही, स्पीकर नको. कुणी ऐकायचं नाहीये… मुंगे, हात खाली हवाय त्यांना. मला धरून राहिलीस तर परत तोच खांदा वर… येईन ना दुपारी. नक्की येईन… होतं तुझ्याने. आत्ता सगळं खरं सांगितलंस ना एकटीने, मी कुठे होते त्यात?… हो… हो. ठेव… आता नको रडूस, त्यांची रेघ हलेल… ठेव आता. ठेव म्हणते ना मला."

पलीकडे कुठल्याशा टेबलावर फोन टेकवल्याचा आवाज झाला. मग लाइन बंद झाली.

थोरली बंद फोन कानाला लावून तशीच उभी होती. समोर आरशात तिची तीच उभी होती. एक हात कानाशी, आणि दुसरा कधी कोण जाणे, छातीवर आडवा आलेला. तो तिने खाली केला. मग फोनचाही केला. दोन्ही खांदे सारखे झालेत का, हे तिने एकदा बघून घेतलं आणि कोट खुंटीवरून काढला.